अप्पांचा अबोला

अप्पा घराबाहेर फार गोड बोलत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून त्यांच्याविषयी भलताच ग्रह व्हायचा. मद्रासमधल्या पुरसवाक्कमच्या आमच्या गल्लीत कुणाकडे मयत झाली, कुणाची मुलगी सासरहून रडत परत आली, कुणाच्या पोराला नोकरी लागेना, की पहिलं बोलावणं अप्पांना असे. ते ऑफिसातून येऊन तोंडावर पाणी मारत, पांढरा सदरा बदलत आणि निघत. चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका तमिळमध्ये म्हणत, रावसारांची प्रार्थना ऐकली की निम्मं दुखणं तिथंच जातं. त्यात खोटं काही नव्हतं. मी स्वतः पाहिलं आहे, एका तरुण विधवेसमोर ते पायरीवर बसून राहिले, मग हळूच तिच्या नवऱ्याच्या लहानपणाची एक गंमत सांगितली आणि ती बाई रडता रडता हसली. असे अप्पा. ते गोड तोंड घेऊन ते घरी येत, दाराशी चपला काढत, आणि कधी कधी चपलांबरोबर तेही तिथंच ठेवून आत येत.

आमचं घर वरच्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर आणि वर उन्हाने तापलेली गच्ची. पहाटे खाली घरमालकीण दाराशी पाणी मारून कोलमची रांगोळी काढायची, तिच्या बांगड्यांच्या आवाजाने मला जाग यायची. मग अंगणातल्या हातपंपाची कुरकुर, कोपऱ्यावरच्या देवळातलं सनईसारखं नादस्वरम, आणि थोड्या वेळाने आमच्या चर्चची घंटा. या सगळ्यांच्या मधोमध आमच्या स्वयंपाकघरातून आईची भाकरी थापल्याचा आवाज. आख्ख्या गल्लीत भाकरी थापणारी ती एकटीच. बाजरीला तिथे कंबू म्हणतात. आई दुकानदाराला पहिल्या वर्षी खुणेने दाणे दाखवून मागायची, पुढे तो तिला लांबून पाहिलं की पोत्याकडे हात करायचा. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, आणि त्याच ताटात चिंचेचं, गूळ घातलेलं तंजावरी सांबार, कारण अप्पांना त्यावाचून घास उतरत नसे. हे दोन मुलुख आमच्या ताटात रोज शेजारी शेजारी बसत. आम्हा मुलींना त्यात काही नवल वाटलं नाही. मोठी झाल्यावर दुसऱ्यांच्या घरी जेवले तेव्हा वाटलं, यांच्या ताटात काहीतरी कमी आहे.

अप्पा तंजावरचे. त्यांचे पूर्वज केव्हातरी राजाच्या लवाजम्याबरोबर दक्षिणेत उतरले आणि तिथलेच झाले, पण घरातली मराठी त्यांनी सोडली नाही. ती मराठी म्हातारी झाली होती. 'बहुत', 'आम्हांस' असले शब्द अप्पा सहज बोलत, वर तमिळचा हेल. आई नगर जिल्ह्यातली, दोन पिढ्यांची ख्रिस्ती, शिक्षिकेचं शिक्षण झालेली. अप्पांचा बाप्तिस्मा कॉलेजात असताना झाला आणि त्याबरोबर त्यांचं घर सुटलं. लग्नाची वेळ आली तेव्हा त्यांनी एका मिशनरी बाईंना एवढंच सांगितलं की मुलगी मराठी बोलणारी हवी. पहिल्या भेटीत आईला त्यांचं निम्मं बोलणं कळलं नाही. "मला वाटलं एखादी जुनी पोथीच चालत आली आणि माझ्यासमोर बसली," ती आम्हाला सांगायची. अप्पा मटण खात नसत. लहानपणची सवय. रविवारी उपासनेनंतर आई मटण शिजवायची, ते दही-भात घेऊन आमच्याच पंगतीला बसायचे. कुणी चर्चमधलं यावरून टोकलं तर आई पुढे व्हायची. "सगळंच जुनं टाकायचं नसतं काही. जे दुसऱ्याला दुखवतं, ते टाकायचं."

दुखवणारी सवय वेगळी होती. अप्पांना राग आला की ते बोलायचे बंद होत. ओरडणं नाही, आपटणं नाही, हात उगारणं तर नाहीच. फक्त गप्प. कारण साधंच असे. आईने छत्री न विचारता शेजारी दिली, सांबारात चिंच जास्त झाली, चर्चमधून निघताना आई बायकांत बोलत राहिली आणि हे उन्हात उभे राहिले. मग अप्पा तिच्याशी बोलत नसत, तिच्याकडे पाहत नसत, आणि हे किती चालेल त्याचा काही नेम नसे. घर मात्र चाललं पाहिजे. ते मी चालवत असे. "पापा, आईला विचार, माझा निळा सदरा कुठे आहे." आई चार हातांवर. मी वळून म्हणायची, "आई, निळा सदरा?" "सांग त्यांना, दोरीवर आहे." मी परत वळायची. अप्पांनी ते ऐकलेलं असे, तरी माझ्या तोंडून ऐकेपर्यंत जागचे हलत नसत. माझं नाव लीला, पण अप्पा मला पापाच म्हणत. तमिळमध्ये पापा म्हणजे तान्ही मुलगी. या तान्हीकडे घराचं परराष्ट्र खातं होतं.

सगळ्यांत मजेची असे ती सातची प्रार्थना. दिवेलागणीला आम्ही चौघं चटईवर बसत असू, अप्पा शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत आणि मग एकेक जण प्रार्थना करी. अबोला कितीही कडक असो, ही प्रार्थना चुकली नाही. आणि अप्पा आईला जे सांगू शकत नसत ते त्या वेळी देवाला सांगत. "हे प्रभू, उद्या माझ्या ऑफिसातले दोघे सोबती या घरी कॉफीला येणार आहेत, तू या घराची तयारी कर." आईची पाळी आली की ती डोळे मिटून म्हणे, "हे दयाळू बापा, घरातली कॉफीची पूड संपली आहे, हे तुला ठाऊकच आहे." अक्का आणि मी पदरात आणि परकरात तोंड खुपसून बसत असू. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, एस्तेर. आज हे आठवून मी एकटीच हसते, वेस्ट मांबलमच्या या फ्लॅटमध्ये कामाला येणारी बाई माझ्याकडे बघत राहते. पण तेव्हा प्रार्थना संपल्यावर जी शांतता परत यायची ती हसण्यासारखी नव्हती. जेवताना वाटीला चमचा लागला तरी दचकायला होई.

हा अबोला अप्पांचा स्वतःचा नव्हता, हे मला आईकडून कळलं. भर दुपारी आम्ही दोघी गच्चीवर वडाम, तिकडच्या तांदळाच्या कुरडया, वाळत घालत होतो. ती म्हणाली, बाप्तिस्म्यानंतर अप्पा पहिल्यांदा तंजावरला गेले तेव्हा त्यांचे वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी मुलाकडे पाठ फिरवली आणि गड्याला म्हणाले, "त्याला विचार, तो कशाला आला आहे." अप्पा तीन हातांवर उभे. नंतरही ते जात राहिले, आणि वडील प्रत्येक वेळी दुसऱ्याकरवीच बोलले. मग वडील वारले. थोरल्या भावाने तेच पुढे चालवलं, तोही बोलत नसे, मग अप्पांनी जाणं सोडलं. आईने मूठभर पीठ कापडावर सोडलं आणि म्हणाली, "देव बदलला, नाव बदललं, गाव सोडलं. बापाचा अबोला मात्र ट्रंकेत घालून घेऊन आले बघ. आणि त्यांना ते माहीतसुद्धा नाही."

मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेन. नुकतंच माझं दृढीकरण झालं होतं, प्रभुभोजनाला मोठ्यांच्या रांगेतून जाण्याचा मान मिळाला होता आणि त्यासाठी शिवलेली पांढरी दावणी, परकरावर नेसायची अर्धी साडी, मी जपून ठेवत होते. अक्काचं कॉलेज संपत आलं होतं. अप्पांनी माउंट रोडवरच्या एका ऑफिसात तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. टायपिंगची नोकरी, घरून जाऊन येऊन करता येण्याजोगी. अक्काला नर्स व्हायचं होतं. मदुरैच्या पुढे एका मिशन दवाखान्यात तीन वर्षांचं शिक्षण होतं, तिथेच राहावं लागणार होतं. एके दिवशी ती कॉलेजातल्या बाईंबरोबर जाऊन मुलाखत देऊन आली आणि संध्याकाळी चटईवर, प्रार्थनेच्या आधी, सरळ म्हणाली, "अप्पा, मला तिथं घेतलं आहे. जूनमध्ये जायचं आहे." अप्पांनी शास्त्र उघडलं, वाचलं, प्रार्थना केली, आणि त्या संध्याकाळपासून अक्काशी बोलणं बंद केलं, आणि तिच्यापाठोपाठ आईशीही.

आई आणि मी या खेळात मुरलेल्या होतो. अक्का खेळली नाही. तिने मला मध्ये घेतलंच नाही. रोज सकाळी ती अप्पांसमोर उभी राहून म्हणायची, "अप्पा, कॉलेजला जाते." ते वर्तमानपत्र वर करायचे. संध्याकाळी, "अप्पा, आले." काही नाही. "अप्पा, कॉफी आणू?" काही नाही. तिच्या आवाजात राग नसे, म्हणून ते ऐकवत नसे. असे पुष्कळ दिवस गेले. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला, चर्चमध्ये वेदीवर जांभळं कापड चढलं. आणि मग एके सकाळी अक्का काहीच न बोलता चपला घालून निघून गेली. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्र सवयीने वर केलं होतं, ते तसंच धरून बसले, पान काही उलटलं नाही. त्या दिवसापासून घरात दोन अबोले झाले. दोघांची हनुवटी सारखीच, दोघं ताटाकडे पाहून जेवणार, दोघं पाणी आपलं आपण घेणार. आईच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली. ती म्हणाली, "आता हिच्यातही आलं."

त्यानंतरच्या एका रविवारी प्रभुभोजन होतं, वेदीपाशी गुडघे टेकून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. आमचे पाळक साधे गृहस्थ होते, त्यांचे उपदेश लांब असत आणि लोक पंख्याखाली पेंगत. त्या दिवशी ते मन नवं होण्याविषयी बोलले. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर एकदाच पडतं, पण मन ही अशी वस्तू आहे की ते रोज जुनं होतं, असं काहीतरी. मी फार लक्ष दिलं नाही. माझं लक्ष दावणीच्या निऱ्यांकडे होतं. अप्पांचं काम त्या दिवशी मधल्या वाटेत उभं राहून एकेका बाकाला पुढे सोडण्याचं होतं. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट. ते बाकापाशी येत, किंचित वाकून हात पुढे करत, आणि तो बाक उठून वेदीकडे जाई. गायकवृंद हळू आवाजात गात होता. आमच्या बाकापाशी ते आले. आई उठली, मी उठले. अक्का बसून राहिली. अप्पांनी पुन्हा हात केला. अक्का बसूनच. मागच्या बाकावरच्या बायका बघू लागल्या. मग अक्काने मान वर केली आणि मराठीत, अगदी हळू, म्हणाली, "अप्पा, आपलं बोलणं नाही. आधी समेट करा, मग या पंगतीला या, असं तुम्हीच आम्हांला शिकवलंत. मी कशी जाऊ?"

त्या तमिळ चर्चमध्ये ती भाषा आम्हा चौघांशिवाय कुणाला कळत नव्हती. अप्पा तिथं उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. पण सवय माणसापेक्षा चपळ असते. ते वळले आणि पुढच्या बाकापाशी जाऊन हात केला. आई आणि मी वेदीपाशी गेलो, गुडघे टेकले, परत आलो.  सगळे बाक संपले. शेवटी सेवा करणाऱ्या पुरुषांची पाळी येते. ते सगळे पुढे गेले. अप्पा वाटेतच राहिले. पाळक तबक हातात धरून त्यांच्याकडे बघत थांबले. इतकी वर्षं या माणसाने एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. अप्पांनी मान हलवली. नाही. पाळक आणखी क्षणभर थांबले, मग त्यांनी प्याला झाकला. अप्पा आमच्या बाकाच्या टोकाला येऊन बसले, अक्कापासून हातभर अंतरावर, आणि उपासना संपेपर्यंत आपल्या तळहातांकडे बघत राहिले.

आम्ही घरी निघालो. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं, कोपऱ्यावर ताडगोळे विकणारी बाई नेहमीसारखी हाक मारत होती, आणि अप्पा, जे तिला रोज दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नसत, तसेच पुढे गेले. आईने मटण चुलीवर चढवलं, सगळ्या घरभर मसाल्याचा वास सुटला. पानं घेतली. अप्पा जेवायला बसले नाहीत, गच्चीवर गेले. त्या उन्हात. मी जिन्याकडे निघाले तर आई म्हणाली, "बस खाली." मी म्हटलं, "आई, वर फरशी भाजतेय." "भाजू दे. आजवर प्रत्येक वेळी मी नाहीतर तू जिना चढलो आहोत. आज त्यांना उतरू दे." असं बोलून तीही जेवली नाही. अक्का भांडी घासायला बसली, जी अजून खरकटी झालीच नव्हती.

अप्पा उतरले ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. कोट काढलेला, कपाळावरून घाम वाहत होता. अक्काची पाठ त्यांच्याकडे. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी इतकी वर्षं समजत होते की अप्पा बोलत नाहीत. त्या दारात मला दिसलं, त्यांना बोलता येत नाही. तोंडातून शब्द निघायची जी वाट असते ती त्यांना घरात सापडतच नव्हती. शेवटी ते माझ्याकडे वळले. "पापा," ते म्हणाले, "अक्काला सांग..."

मी सवयीने वळले. आईने माझा दंड धरला. अप्पांकडे बघून, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडे बघून, ती म्हणाली, "ती इथंच आहे. तिला कान आहेत."

हातपंपाचा आवाज खालून येत होता. कुणीतरी घागर भरत होतं. ती भरून झाली, आवाज थांबला.

"एस्तेर," अप्पा म्हणाले.

अक्का वळली नाही, पण तिचे हात थांबले.

"माझे अप्पा माझ्याशी बोलत नव्हते," ते म्हणाले. "मी समोर उभा असे की. ते गड्याशी बोलत. परत येताना आगगाडीत मी ठरवलं, आपल्या लेकरांशी असं करायचं नाही. बहुत पक्कं ठरवलं होतं. मग ते माझ्यात केव्हा आलं, मला कळलं नाही पोरी. आज तू बसून राहिलीस तेव्हा कळलं. मी तुझ्या जागी बसलेला दिसलो मला."

अक्का उठली. हातांना राख लागलेली तशीच. तिचा चेहरा रडवेला नव्हता, कठोर होता. ती आजही अशीच आहे, रडायचं काम तिने नेहमी माझ्यावर सोडलं. ती म्हणाली, "अप्पा, मी जूनमध्ये जाणार आहे. तुम्ही बोललात म्हणून मी राहणार नाही. मी गेले तरी बोलाल?"

अप्पांनी कपाळावरचा घाम पुसला. "तू जाऊ नये असं वाटतं मला," ते म्हणाले. "राग नाही तो. भीती आहे. घर सोडून गेलेलं माणूस परत येतं हे मी पाहिलेलं नाही." मग थोड्या वेळाने, "बोलेन. मला येत नाही. पण शिकेन."

 आईने ताटं पुन्हा मांडली. अप्पांच्या ताटात दही-भात वाढला, आणि ते जेवताना मध्येच म्हणाले, "मीठ वाढतेस?" बस, एवढंच. माझ्याकडे न बघता, आईकडे बघून. आईने मिठाची अख्खी वाटीच त्यांच्यापुढे ठेवली.

इथे थांबले तर गोष्ट छान होईल, पण खरी होणार नाही. अप्पा त्या दुपारी बदलले नाहीत. पुढच्याच आठवड्यात काहीतरी बिनसलं आणि ते गप्प झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पाळकांना गाठलं. मी बरोबर होते, भाजीची पिशवी धरून. अप्पा फार खचले होते. म्हणाले, माझा बाप्तिस्मा होऊन इतकी वर्षं झाली, हे अजून का जात नाही? पाळक बागेत झारीने कुंड्यांना पाणी घालत होते. ते म्हणाले, "रावसार, बाप्तिस्मा एकदाच घेतलात. दाढी मात्र रोज करता ना? कालची केली म्हणून आजची सुटते का?" त्या दिवसापासून अप्पांनी एक युक्ती काढली. राग आला की ते तो जाहीर करत. ताठ उभे राहत आणि त्यांच्या पोथीतल्या मराठीत म्हणत, "मला बहुत राग आला आहे. आत्ता मी बोलणार नाही. कॉफीनंतर बोलेन." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा अक्का आणि मी इतक्या हसलो की तो राग आमच्यावर वळला. पण कॉफीनंतर ते आले. कधी दुसऱ्या कॉफीनंतर आले, कधी रात्रीच्या जेवणापर्यंत ताणलं, पण आले. येऊन आईसमोर बसत आणि काय खुपलं ते सांगत, अडखळत, परक्या भाषेत बोलल्यासारखे. आईलाही ते जड गेलं. ती मला एकदा म्हणाली, "बोलत नव्हते तेव्हा निदान सांबाराला नावं तरी ठेवत नव्हते." आणि माझं तर कामच गेलं. कितीतरी दिवस मी दोन खोल्यांच्या मध्ये उगाच रेंगाळत असे, कुणी काही सांगतं का बघत.

माझ्या या फ्लॅटच्या वरच्या मजल्यावर आता पुण्याकडचं एक तरुण जोडपं राहतं. नवरा श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात, पहाटे कंपनीची बस येऊन त्याला घेऊन जाते. ती मुलगी संगणकावर घरून काम करते आणि मराठी बोलायला माझ्याकडे येते. परवा म्हणाली, "मावशी, तीन दिवस झाले, मेसेज वाचतो आणि उत्तर देत नाही. एकाच घरात राहून!" मी तिला अप्पांची कॉफी सांगितली. ती हसली, मग म्हणाली, "आणि त्याला कॉफी आवडत नसेल तर?" मी म्हटलं, चहा चालेल.

जून आला. अप्पा स्वतः अक्काला पोचवायला निघाले, मलाही घेतलं. एग्मोरहून गाडी सुटली तेव्हा आई फलाटावर उभी राहून अक्काला भाकरीच्या फडक्याबद्दल काहीतरी ओरडून सांगत होती. अप्पा रात्रभर बोलत होते. खिडकीतून हात काढू नको, तिथलं पाणी उकळून पी, मोठ्या सिस्टरना उलट बोलू नको, पण चूक असेल तर बोल. अक्काने डोळे मिटले तरी ते बोलत राहिले. दवाखान्याच्या दारात तिला सोडताना मात्र त्यांचा आवाज गेला, तेव्हा ते तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. हे गप्प राहणं वेगळं होतं. अक्कालाही ते कळलं असणार, कारण तिने त्यांचा हात लगेच सोडला नाही.

परत येताना तंजावरच्या स्टेशनवर अप्पा अचानक उठले. "उतर पापा," म्हणाले. मी विचारलं, कुठे? "माझ्या अण्णाकडे." त्यांच्या थोरल्या भावाचं घर एका अरुंद रस्त्यावर होतं. अण्णा दारातल्या कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. अप्पांसारखेच, फक्त कपाळावर गंध. त्यांनी आम्हाला पाहिलं, ओळखलं, आणि वर्तमानपत्र वर केलं.  अप्पा कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि बोलू लागले. "अण्णा, ही माझी धाकटी. थोरलीला आज नर्सिंगला सोडून आलो. तिची आई नगरकडची, शिक्षिका आहे. मद्रासला यंदा पाण्याचे बहुत हाल आहेत. आपल्या विहिरीला पाणी आहे ना?" असं किती वेळ. अण्णांनी एक शब्द काढला नाही. आतून काकू आल्या, त्यांनी माझ्या हातात ताकाचा पेला दिला, माझ्या वेणीवरून हात फिरवला आणि डोळे पुसत आत गेल्या. शेवटी अप्पा उठले. वाकून अण्णांच्या पायांना हात लावला, म्हणाले, "पुढल्या वर्षी येतो," आणि आम्ही निघालो.

अण्णा पुढेही बोलले नाहीत. अप्पा दर उन्हाळ्यात जात राहिले, कट्ट्यावर बसून सांगून येत राहिले, अण्णांच्या अखेरीपर्यंत. पण त्या पहिल्या दिवशी मला हे काही माहीत नव्हतं. मी स्टेशनच्या रस्त्याने रागाने भराभर चालत होते. अप्पा मागून सावकाश येत होते, एका गाडीवाल्यापाशी थांबून त्यांनी केळी घेतली, भाव विचारता विचारता त्याच्या मुलांची चौकशी केली. मला राहवेना. मी वळून म्हणाले, "अप्पा, ते एक शब्दसुद्धा बोलले नाहीत तुमच्याशी."

अप्पांनी केळं सोलून माझ्या हातात दिलं.

"नाही," ते म्हणाले. "पण मी बोललो की."